चंद्रभागेचे भोपळे

नाशिक रोडच्या पलीकडच्या शिवारात पोहता येणारा कुणीही भेटला, तर तो बहिरूच्या हाताखालून गेलेला समजावा. चाळीस उन्हाळे बहिरूनं आपल्या पायऱ्यांच्या विहिरीत पोरं उतरवली. पाठीवर दोन वाळके भोपळे बांधायचे, पोटाखाली आपला तळवा धरायचा आणि म्हणायचं, "पोट आत घे, पाठ सोड. मी धरलंय." पोरगं हातपाय मारू लागलं की बहिरू हळूच हात काढून घ्यायचा, आणि तो कधी काढला हे पोराला कळायचंही नाही. असा हा गावाचा गुरू, आणि त्याची बायको चंद्रभागा मात्र गुडघाभर पाण्यात उतरायला घाबरायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

चंद्रभागेची पाठ झेंडू तोडून आणि मेथी उपटून गेली होती. कमरेला जुनं धडपं आवळून तिनं ते दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढलं. बहिरूचं म्हणणं असं, की रानात राबणाऱ्या माणसाला आणखी कसला व्यायाम लागतो? मागच्या उन्हाळ्यात सून हर्षालीनं दोघांचंही ऐकलं नाही आणि सासूला इंदिरानगरला संध्या नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे नेलं. बरोबर बहिरूही गेला.

संध्यानं समजावून सांगितलं, की वाकून वाकून पाठ झिजते, बळकट होत नाही. पाठीला आतून धरून ठेवतात ते पोटाचे आणि कमरेचे स्नायू, आणि आजींचे तेच सैल पडलेत. सकाळी मोकळ्यावर चालायचं, सावलीत उताणं पडून गुडघे पोटाशी घ्यायचे, आणि जमलं तर उन्हाळाभर पोहायचं. पाण्यात पाठीवर भार येत नाही.

चंद्रभागेनं दुसऱ्या दिवसापासून बांधावरून चालायला सुरुवात केली. आंब्याखाली गोणपाट टाकून ती गुडघे पोटाशी घ्यायची. वाटेनं जाणाऱ्या बाया हसल्या, तर तीही त्यांच्याबरोबर हसायची. राहिलं होतं फक्त पोहणं. शहरातल्या तलावात जायला ती तयार नव्हती. एका दुपारी भाकरी वाढता वाढता ती नवऱ्याला म्हणाली, "साऱ्या गावाची पोरं तुम्ही तरंगवली. मला बी शिकवा की."

बहिरूचा घास हातातच राहिला. दिवसाढवळ्या, साऱ्या गावाच्या देखत, आपल्या बायकोच्या पोटाखाली हात धरायचा? लोक काय म्हणतील? पण हे तो बोलला नाही. म्हणाला, "भोपळं फुटल्यात. पुढच्या उन्हाळ्यात बघू." खरं म्हणजे दोनातल्या एकाच भोपळ्याला तडा गेला होता, आणि शिकवायचंच असतं तर प्लास्टिकच्या कॅनवरही भागलं असतं. त्यानं तिच्या तोंडाला पानं पुसली, आणि तिनं तो दिलेला शब्द समजून जपून ठेवला.

पावसाळ्यात तिनं गोठ्याच्या कडेला गोल दुधी लावला. वेलावरचे सगळ्यात चांगले दोन भोपळे तिनं तोडू दिले नाहीत. बाजारात न्यायला बहिरूनं एकदा विळा लावला, तेव्हा ती वेलाच्या आडवी उभी राहिली. भोपळे वाळत आले तसे तिनं ते पडवीत टांगले, आणि रोज सकाळी हलवून कानाशी धरू लागली. आतल्या बिया सुटून वाजल्या म्हणजे भोपळा तयार. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या वळून तिनं दोर केला, तो स्वतःच्याच कमरेला लावून मापला आणि भोपळ्यांना बांधून टाकला. पौषात एकदा ती लहान पोरीसारखी धावत आली. "वाजाया लागलेत हो," म्हणाली.

माघात एका सकाळी झेंडूच्या सरीत ती खाली बसली, ती पुन्हा उठली नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवसापासून बहिरूनं विहिरीत पाय घातला नाही. पोरं विचारायला आली, की पाणी गढूळ आहे म्हणून सांगायचा. पोरांना वरून तळ दिसत होता.

वैशाखात बहिरूचीच पाठ धरली. खाटेवरून उठताना त्याला भिंतीचा आधार लागू लागला. हर्षाली त्याला संध्याकडे घेऊन गेली. संध्यानं त्याची पाठ तपासली, तेच व्यायाम सांगितले आणि हसून म्हणाली, "तुम्ही तर पट्टीचे पोहणारे, बाबा. रोज विहिरीत उतरा. आणि आजी शिकल्या का हो पोहायला?"

तिला कुणी कळवलंच नव्हतं. हर्षालीनं मान खाली घातली.

"शिकली," बहिरू म्हणाला. "लय छान तरंगती."

संध्याला आनंद झाला. पुढच्या वेळी आजींना घेऊन या, असं तिनं दोनदा सांगितलं. सासरा-सून रिक्षानं घरी परतले.

बहिरू जेवलाही नाही. पडवीतले भोपळे काढून तो थेट विहिरीकडे निघाला. हर्षाली त्याच्या मागे पळत गेली. तिनं काठावरून वाकून पाहिलं, तर तो खालच्या पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून दोर आपल्या कमरेला बांधू पाहत होता. दोराची टोकं वीतभर कमी पडत होती. शेवटी शेवटी चंद्रभागा किती वाळली होती, हे त्याला त्या दिवशी कळलं. त्यानं पुन्हा ओढून पाहिलं, तरी गाठ बसेना.

"नाना, वर या," हर्षाली म्हणाली.

त्यानं ऐकलं नाही. दोर सोडून त्यानं भोपळे पाण्यावर ठेवले. ते सहज तरंगले, आणि त्यांच्यामध्ये लुगड्याचा तो दोर गोल होऊन पसरला. त्या गोलाखाली बहिरूनं आपला तळवा धरला आणि तो पाण्याखालच्या त्याच पायरीवरून, कडेकडेनं, सावकाश चालू लागला.

"पोट आत घे," तो म्हणाला. "पाठ सोड. मी धरलंय."

हर्षाली वरच्या पायरीवर बसून रडत होती. मळ्यातली दोन माणसं काठाशी येऊन उभी राहिली होती, आणि त्यांच्याकडे बहिरूनं मान वर करूनही पाहिलं नाही. लोक काय म्हणतील याची त्याला आता काही पडली नव्हती, आणि हेच त्याला वर्षभर आधी सुचायला हवं होतं. भोपळे आपल्या बळावर तरंगत होते. हात काढून घ्यायची वेळ केव्हाच झाली होती. चाळीस वर्षं शेकडो पोरांच्या पोटाखालून नकळत हात काढणाऱ्या बहिरूला तेवढा एक हात काही काढता येईना.