जतनबाईंच्या खलबत्त्याचं म्हणणं

मित्रांनो, मला जुना म्हणा, काळा म्हणा, पायावर पडलो तर बोट मोडेल असा म्हणा, मी ऐकून घेईन. फक्त मला शोभेची वस्तू म्हणू नका. मी चोपड्याच्या जतनबाईंचा लोखंडी खलबत्ता आहे आणि अजून कामावर आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, निवल्यावर साचा फोडला, कानशीने कडा घासल्या, की झालो मी. नंतर कित्येक दिवस बाजारात तव्यांच्या आणि घमेल्यांच्या शेजारी धूळ खात पडलो होतो. जतनबाई तेव्हा राजस्थानातून नुकत्याच सून म्हणून चोपड्यात आल्या होत्या. सासरचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागेच घर. सासूबरोबर बाजारात आलेल्या या मुलीने मला उचललं आणि बत्ता एकदा जोरात आपटला. मी असा खणखणलो की पलीकडची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"हाच घ्या," ती म्हणाली.

नवी सून भर बाजारात तोंड उघडते म्हणून सासूच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण मला घेतलं.

घरी आल्यावर जतनबाईंनी माझ्यात आधी नुसते तांदूळ कुटले. पहिलं पीठ काळं निघालं, ते टाकून दिलं. मग पुन्हा कुटले. पीठ पांढरंशुभ्र निघेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. तेव्हाच मी ओळखलं, ही बाई अर्ध्यावर सोडणारी नाही.

त्यानंतर माझ्यात काय काय पडलं म्हणून सांगू! कोवळी कोथिंबीर देठांसकट, कारण खरा स्वाद देठात असतो. हिरवी मिरची, ओल्या पुदिन्याची पानं. लिंबू मात्र चटणी बाहेर काढल्यावरच पिळायचं, कारण आंबट पडलं की माझं लोखंड चटणीत उतरतं. हे झालं ओल्याचं. वाळलेल्याचा थाट वेगळाच. या जैन घरात अष्टमी-चतुर्दशीला हिरवं काही चिरत नाहीत. त्या दिवसांसाठी जतनबाई हिवाळ्यातच मेथी, पुदिना आणि कढीपत्ता वाळवून बरण्या भरून ठेवत. वाळवायचं तेही सावलीत, जुन्या सुती लुगड्यावर पसरून. आमच्याकडच्या उन्हाला पाला वाळवायला वेळ लागत नाही. पण ऊन त्याचा रंग खातं आणि वासही खातं. कोथिंबीर त्या कधीच वाळवत नसत. "ती वाळली की गवत," असं म्हणत.

हा सगळा पाला आणायची चमेलीबाई. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर तिचं शेत, ओढ्याकाठी पुदिन्याचा वाफा. सकाळच्या काळी-पिवळी जीपने ती चोपड्यात उतरायची आणि पहिली जुडी आमच्या दारात टाकायची. दोघी जवळजवळ एका वयाच्या. पायरीवर बसून जुड्या निवडता निवडता त्यांनी एकमेकींची बाळंतपणं, आजारपणं आणि भांडणं सगळी ऐकली. चमेलीबाई मात्र कधी उंबऱ्याच्या आत आली नाही. तिला कोणी ये म्हटलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

मग जतनबाईंच्या मुलाने, हीरालालने, नव्या इमारतीत फ्लॅट घेतला. मी सामानात शेवटी आलो. पहिल्याच सकाळी जतनबाईंनी माझ्यात जिरं कुटलं आणि खालच्या मजल्यावरून लगेच माणूस वर आला. "वरती काय लोहारकाम चाललंय का?" हीरालाल भिडस्त माणूस. त्याने माफी मागितली. त्याच आठवड्यात मिक्सर आला, आणि मला गॅलरीच्या दाराशी ठेवलं, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून.

मित्रांनो, ज्याने अर्ध्या गावाच्या पंगतींची चटणी कुटली, त्याने दार धरून बसायचं! कडेने मला गंज चढू लागला. मी पाहुण्यांच्या पायांना लागायचो, आणि खरं सांगतो, काही वेळा मला त्याचा आनंदही व्हायचा.

पण जतनबाईंवर त्याहून वाईट वेळ आली. एका तापात त्यांचं नाक गेलं. ताप उतरला, वास काही परतला नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली. जिभेला खारट, आंबट, कडू, तिखट कळायचं. पण पुदिना कोणता आणि ओला कागद कोणता, हे डोळे मिटून सांगता येईना. आणि एक दिवस गॅसचं बटण अर्धवट उघडं राहिलं. जतनबाई शेजारीच बसून मेथी निवडत होत्या. त्यांना काहीच कळलं नाही. सून दीपमाला बाहेरून आली, तिने धावत जाऊन गॅस बंद केला आणि खिडक्या उघडल्या. मग ती भिंतीला टेकून खालीच बसली.

संध्याकाळी हीरालाल आईसमोर बसला. तो आईला बाई म्हणतो, जुन्या मारवाडी घरांतली रीत.

"बाई, पुष्कळ केलंत आयुष्यभर. आता बसा. माळ जपा."

"माळ सकाळी झाली," जतनबाई म्हणाल्या. "आता संध्याकाळच्या स्वयंपाकाचं बोल."

"दीपमाला वेळेवर आली नसती तर? मला दुकानात बसून धड श्वास घेता येत नाही, बाई."

त्याची भीती खोटी नव्हती, हे जतनबाईंनाही कळत होतं. मग त्या म्हणाल्या, "मग गॅस नको. स्वयंपाक का नको?"

हीरालालने उठून गॅसचं बटण पुन्हा एकदा तपासलं.

दुसऱ्या दिवशी जतनबाई एकट्या बाजारात गेल्या आणि विजेची शेगडी घेऊन आल्या. मागच्या गॅलरीत एका स्टुलावर ती मांडली. मग वाकून त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं. माझ्यामागे दार धाडकन आपटलं. सगळं घर धावत आलं.

"गॅसला हात लावणार नाही, शब्द देते," त्या म्हणाल्या. "पण या गॅलरीत मला कोणी आडवं यायचं नाही."

त्यांनी जाड्या मिठाने घासून माझा गंज काढला. साबण लावला नाही. मला साबण चालत नाही, हे त्या विसरल्या नव्हत्या. खालच्या मजल्यावर आवाज जाऊ नये म्हणून माझ्याखाली जाड गोणपाटाची घडी घातली.

आता तुम्हाला वाटेल, मग काय, सगळं छान झालं. मुळीच नाही. पहिल्याच दिवशी डाळ कडूजहर झाली. वाळलेली मेथी त्यांनी ओल्या मेथीच्या हिशोबाने घातली होती. पूर्वी त्या असं कधी करायच्या नाहीत. उकळीचा वास आला की हात आपोआप थांबायचा. आता थांबवणारं कोणी नव्हतं. दीपमाला म्हणाली, "छान झालीय, बाई," आणि थोड्या वेळाने डाळ मोरीत ओतली. जतनबाईंनी दारातून ते पाहिलं. माझ्याजवळ येऊन बसल्या, आणि कितीतरी वेळ बत्ता नुसता हातात धरून राहिल्या.

सकाळी चमेलीबाई खाली फाटकाशी पाला घेऊन आली, तेव्हा जतनबाईंनी तिला सगळं सांगितलं. चमेलीबाई ऐकून घेऊन तिच्या अहिराणीत म्हणाली, "अक्का, नाक गये ते जाऊ दे. हात ते शेतस ना तुना? वास मी सांगसू तुले."

"मग वर चल," जतनबाई म्हणाल्या.

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा. चमेलीबाई घुटमळली. तेवढ्यात इमारतीचे सेक्रेटरी आडवे आले. "मावशी, भाजीवाल्यांना लिफ्ट नाही. ठराव झालाय तसा."

जतनबाईंनी चमेलीबाईच्या हातातली अर्धी टोपली स्वतःच्या पदरात रिकामी करून घेतली. "मग आजपासून मीपण भाजीवाली. चल गं चमेली, जिन्याने."

गुडघे धरत, मध्ये मध्ये थांबत त्या वर आल्या. त्यांची धाप मला गॅलरीत ऐकू येत होती आणि त्यामागून दोघींचं हसूसुद्धा. दीपमालाने दार उघडलं, एकदा टोपलीकडे आणि एकदा सासूकडे पाहिलं, आणि पाण्याचे दोन पेले भरून आणले.

तेव्हापासून रोज आमची शाळा भरू लागली. चमेलीबाई नाक, जतनबाई हात आणि मी कान. वाळलेला कढीपत्ता नीट वाळला असेल तर माझ्यात पडताच कुरकुरतो. ओल राहिली असेल तर बत्त्याखाली गप्प बसतो. वाळलेला पाला तळहातावर चोळून, आधी फोडणीत किंवा उकळीत. ओला पाला सगळ्यात शेवटी, भांडं खाली उतरवल्यावर. वाळलेलं दिसायला थोडं आणि गुणाला जास्त, तेव्हा हात आवरता. हे सगळं जतनबाई पूर्वीपासून करत होत्या. पण आता त्यांना ते नव्याने, बोटांनी शिकावं लागलं.

"आते टाक," चमेलीबाई पातेल्यावर वाकून सांगायची. "बठ्ठा टाकू नको!" म्हणजे सगळा नको. जुनी बरणी उघडली की नाक मुरडायची, "हाई ते गवत शे, अक्का. फेकी दे."

कधी जमायचं, कधी फसायचं. फसलं तरी घरातून एकच उत्तर यायचं: छान झालंय. या "छान"चा जतनबाईंना मनस्वी राग यायचा. मला म्हणायच्या, "लहान मुलाच्या चित्राला म्हणतात ना तसं म्हणतात मला."

मग दीपमालाच आजारी पडली. ताप आणि कसकस. सगळा स्वयंपाक जतनबाईंवर सोपवायला हीरालाल तयार नव्हता, म्हणून बाहेरून डबा येऊ लागला. त्यावर तेल तरंगायचं, ती दोन घास खाऊन ताट सरकवायची. त्यातच एके सकाळी ओढ्याला पूर आला होता आणि चमेलीबाईची गाडी पलीकडेच अडकली होती.

"राहू द्या, बाई," हीरालाल म्हणाला. "आज चमेलीबाई नाही. मी खिचडी मागवतो."

"मागव. तुझ्यासाठी," जतनबाई म्हणाल्या आणि मुगाची डाळ धुवायला घेतली.

त्या दिवशी माझ्यात जिरं पडलं, मग वाळलेला पुदिना. बत्त्याचे घाव असे सावकाश पडत होते, जणू त्या प्रत्येक ठोक्याला काहीतरी विचारत होत्या. मी जमेल तितकं खरं सांगत गेलो. तुपात त्यांनी कढीपत्ता चुरून टाकला आणि कान देऊन चुरचुर ऐकली. मेथी तळहातावर चोळून जिभेच्या टोकाला लावून पाहिली, मग निम्मी परत बरणीत टाकली. पुदिना घालताना हात हवेतच थांबला. इथे विचारायला कोणी नव्हतं. शेवटी त्यांनी तो घातला. डाळ उतरवली आणि वर ओली कोथिंबीर भुरभुरली.

वाटी घेऊन त्या दीपमालाच्या खाटेशी गेल्या. बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. हीरालाल दारात होता. दीपमालाने एक चमचा खाल्ला, मग दुसरा. मग सासूच्या तोंडाकडे पाहिलं.

"बाई, पुदिना जरा जास्त झालाय."

"अगं!" हीरालाल दबक्या आवाजात म्हणाला.

"तू गप्प बस," जतनबाई त्याला म्हणाल्या आणि खाटेवर टेकल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "किती जास्त?"

"चिमूटभर." दीपमालाने वाटी पुढे केली. "बाकी बरोबर आहे. अजून थोडी वाढा."

"उद्या चिमूटभर कमी घालते," जतनबाई म्हणाल्या.

मित्रांनो, मी गॅलरीतून हा "उद्या" ऐकला. आदल्या दिवशीपर्यंत त्यांना उद्या रांधू द्यायचं की नाही, हे दुसरे ठरवत होते. आता त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. खिचडीचा डबा आला, तो हीरालालने झाकूनच ठेवला आणि स्वतःसाठी डाळ वाढून घेतली.

म्हणून तुम्हाला सांगतो. आम्हा जुन्यांना जपायचं असेल तर वापरून जपा. गंज मला कामाने चढला नव्हता, दाराशी नुसतं बसवल्याने चढला होता. घरातलं एखादं माणूस थकलं, त्याचं एखादं इंद्रिय गेलं, तर धोका असेल तेवढा जरूर काढून घ्या. पण त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नका. त्याला चुकू द्या. आणि चुकलं की तोंडावर सांगा, म्हणजे त्याला सुधारता येईल.

ते बघा, जतनबाईंनी ओंजळभर वाळकी मेथी माझ्यात टाकली. आता मला बोलायला वेळ नाही. सरका जरा.