गाडीला पाजलेली राकिया

गाडी रस्त्याला लागली की नीट धावायची, पण फाटकाशी उभी केली की हिवताप भरल्यासारखी थडथडायची आणि बंद पडायची. उद्या तिची वार्षिक तपासणी. उभ्या उभ्या इंजिन चाललं नाही तर तपासणीवाले कागद देत नाहीत. मग गाडी भंगारात आणि, गाडीवाचून गावात एकटीचं भागायचं नाही म्हणून, मी नोवी साद शहरात, पोराच्या, वुकानच्या, चौथ्या मजल्यावरच्या घरात. घरचे सगळं ठरवून मोकळे झाले होते. मला कोणी विचारलं नव्हतं.

"इंजिन म्हातारं झालं, वहिनी," मिलोये म्हणाला. हा माझा धाकटा दीर. प्लग बदलून झाले होते, कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून पिळून त्याने झिजवला होता. "वुकानला फोन करतो. येऊन घेऊन जाईल तुम्हाला."

"मी काय गोणी आहे, घेऊन जायला? पळताना बरी चालते ना? मग इंजिन बरंय. कुठूनतरी खोटी हवा ओढतेय ती."

आमच्या ह्यांनी जिवंत असेतो ही गाडी स्वतःच उघडली आणि उजेडाला बॅटरी धरायला मला उभं केलं. एखादा पाइप चिरला की नको तिथून हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडतं, इंजिन थरथरतं. चीर शोधायची तर चालू इंजिनाच्या सांध्यांवर जरा राकिया, आमची घरी गाळलेली फळांची कडक दारू, फवारायची. चीर असेल तिथून ती आत ओढली जाते, पेट्रोलसारखी जळते आणि इंजिन उसळतं.

मी काच पुसायचा फवारा धुतला आणि ह्यांच्या हातची बाटली काढायला निघाले. आलुबुखाराची, शेवटची.

"ती घराण्याच्या संताच्या सणाला ठेवा," मिलोये म्हणाला. "माझी घ्या. काडी लावली तर निळी जळते. साऱ्या गावात अशी नाही."

"आधी ती सिगारेट विझवा."

त्याची राकिया फवाऱ्यात भरून गाडी चालू केली, इंजिन तापायच्या आत एकेक सांधा भिजवला. काही नाही. थडथड तशीच. मिलोयेने हाताची घडी घातली.

"झालं समाधान? लावू फोन?"

खरं सांगते, नोवी साद डोळ्यांपुढे आलं. ती लिफ्ट, सुनेने दारात मांडून ठेवलेल्या सपाता, दिवसभर खिडकी. मी पायरीवर बसले. मग लक्षात आलं, हात अजून ओलेच आहेत. राकिया कधीच उडून जायला हवी होती. बोट चाटून पाहिलं.

उठून आत गेले आणि ह्यांची बाटली फवाऱ्यात ओतली.

ब्रेककडे जाणाऱ्या जाड रबरी पाइपाच्या तोंडाशी एकच फवारा मारला. इंजिन उसळलं. पुन्हा मारला, पुन्हा उसळलं. पाइप आवळणाऱ्या पट्टीच्या खाली बारीक चीर होती, नखाएवढी.

मिलोये जमिनीकडे बघत होता.

"भावोजी, तुमच्या पोरीच्या लग्नात हीच पाजलीत का सगळ्यांना?"

"बूच सैल राहिलं असेल, वहिनी."

"बुचातून दारू उडते हो. पाणी आत कुठून येतं?"

 लग्नात लोक तीन तीन ग्लास पिऊन ताठ चालत घरी गेले होते, ते कसे हे आत्ता कळलं.

पाइप लांब होता. मी चिरलेलं टोक सुरीने कापलं, उरलेला सरकवून बसवला, पट्टी आवळली. मिलोयेने पिळलेला स्क्रू पूर्वीच्या जागी आणला. गाडी पुन्हा चालू केली आणि छोट्या ग्लासात ह्यांची राकिया काठोकाठ भरून इंजिनावर ठेवली. एक थेंब सांडला नाही. बघून डोळे भरून आले, आले तर आले.

ग्लास उचलून मीच प्यायले. मिलोयेला विचारलं नाही.

"आता लावा वुकानला फोन," मी म्हणाले. "सांगा, आई रविवारी येतेय. स्वतःच्या गाडीने. जेवेल, नातवंडांना बघेल आणि दिवस मावळायच्या आत परत घरी येईल."