गाळल्यानंतरचा आकडा

इंद्रजीत सांडपाण्यातून औषधं वेगळी काढायला निघाला होता. लोकांनी घेतलेलं औषध नाल्यातून शेवटी पाण्यातच येतं. ते शोषून घेणारी, कापसाच्या पऱ्हाटीच्या कोळशाची गाळणी त्यानं केली होती. तीन वर्षं तो यावर एवढं बोलला होता, की लग्नात शेजारची माणसं ताट उचलून दुसरीकडं बसायची.

सोमवारी समिती बसणार होती. आकडा आला नाही तर विषय बंद, पीएचडी बंद. आणि आकडा असा आला होता, की सांगायची सोय नव्हती: गाळण्याआधी पाण्यात अंगदुखीचं औषध थोडं, गाळल्यावर दुप्पट. पाणी नासवणारी जगातली पहिली गाळणी आता आपल्या नावावर लागणार, असं त्याला दिसायला लागलं.

त्यानं यंत्राला दोष दिला, कोळशाला दिला. मग सांडपाणी केंद्रावरून कच्चं पाणी भरून देणाऱ्या कडुबामामांना फोन लावला.

"मामा, बाटल्या नीट धुता ना?"

"व्हय साहेब. माझं पाणी बरूबर हाय. बिघाड तुमच्याकडं आल्यावर होतोय."

हे त्याला फार झोंबलं.

प्रयोगशाळेतली ताहेरा त्याच्यापेक्षा कमी बोलायची आणि जास्त बघायची. तिनं विचारलं, "सर, एवढे जड कॅन वर आणून खांदा दुखतो ना? काय लावता?"

"मलम. रोज सकाळी. का?"

"आणि गाळलेल्या पाण्याच्या बाटल्या कोण उघडतं? हातमोजे न घालता?"

हातमोज्यांत घाम येतो, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

ताहेरानं त्याचे हात शुद्ध पाण्यात बुडवायला लावले आणि ते पाणी तपासलं. "या अल्लाह! सर, तुमच्यापुढं नाला पण शरीफ आहे."

इंद्रजीतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रविवारी ताहेरानं सगळं पुन्हा केलं, तो दाराबाहेर स्टुलावर बसून राहिला. गाळलेल्या पाण्यात औषध जवळजवळ उरलंच नव्हतं.

समितीला नवे आकडे तेवढे दाखवून सुटता आलं असतं. पण त्यानं दोन्ही तक्ते लावले आणि आपल्या हातांची करणी सांगितली. हसू कुणालाच आवरलं नाही. अध्यक्षबाईंनी डोळे पुसत विषय मंजूर केला, एका अटीवर: इंद्रजीतनं गाळणीपासून दहा हात लांब राहायचं.

जिच्यासाठी तीन वर्षं हमाली केली, तिलाच हात लावायची बंदी. त्याला वाईट वाटलं, खरंच वाटलं. तरी त्याच दुपारी त्यानं प्रबंधातलं 'औषधं पाण्यात येण्याचे मार्ग' हे पान उघडलं. घरं, दवाखाने, कारखाने असं लिहिलेलं होतं. त्याखाली त्यानं चौथा मार्ग लिहिला: प्रस्तुत संशोधक.