सोफा बसलाय? आम्ही उठवू

दुकानातला फोन वाजला की हल्ली धाकटीच्या कपाळाला आठी पडायची. पलीकडून हमखास एकच प्रश्न यायचा, "योगाचे वर्ग सकाळी किती वाजता?"

करणी सगळी दादाची. बाप सोफे-खुर्च्या दुरुस्त करणारा कारागीर, पण लेकाला जड शब्दांचा भारी सोस. वेबसाइटच्या माथ्यावर त्याने ठोकून दिलं होतं, 'सर्वांगीण आसन-पुनरुज्जीवन'. त्याखाली नऊ बटणं: दृष्टी, ध्येय, तत्त्वज्ञान, वाटचाल आणि असलंच काहीबाही. फोन नंबर 'वाटचाल'च्या पार तळाशी. सोफेवाले तिथवर पोचत नव्हते, योगवाले मात्र चिकाटीने पोचायचे. गिऱ्हाईक आटलं. एका कारखान्याने दादाला नोकरी देऊ केली होती, शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. तो गेला, तर बाबांना एकट्याने सोफा हलवणं जमणार नव्हतं. म्हणजे दुकानाला कुलूप.

"शनिवारपर्यंत वेबसाइट माझ्याकडे दे," धाकटी म्हणाली.

"घे. पण माझ्या शब्दांना हात लावायचा नाही."

ती वाद घालत बसली नाही. समोर नव्याने राहायला आलेल्या काकूंना बोलावून तिने त्यांच्या हातात मोबाइल दिला. "काकू, तुमची खुर्ची मोडलीय असं समजा. आम्हाला कसं कळवाल?"

काकूंनी चष्मा चढवला. 'तत्त्वज्ञाना'त शिरल्या, 'ध्येया'तून बाहेर पडल्या आणि काळ्या चौकटीतल्या बाबांच्या फोटोपाशी थबकल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "अगं बाई! कधी गेले गं?"

"अजून निघालो नाही," मागून बाबा म्हणाले.

धाकटीची हसून मुरकुंडी वळली. दादा आधी लाल झाला, मग त्यालाही आवरेना. "बदल बाई, काय हवं ते बदल!"

काकू मात्र ओशाळून विषय बदलायला गेल्या. "तुम्हीच का ते? अहो, आमचा सोफा पार बसलाय."

"बसू दे. आम्ही उठवू," बाबा म्हणाले.

धाकटी ताडकन उभी राहिली. "बाबा, परत बोला!"

"काय?"

"आत्ता बोललात तेच!"

मग तिला तहानभूक राहिली नाही. नऊ बटणांची तीन झाली: काय बसलंय, फोटो पाठवा, फोन करा. वर ठळक अक्षरांत बाबांचं वाक्य. ते पाहून दादाने नाक मुरडलं, "एवढंच?"

"एवढंच. आता गप्प बस आणि बघ."

गुरुवारी पहिला फोटो आला. खड्डा पडलेला सोफा, खड्ड्यात झोपलेलं मांजर. धाकटी दुकानभर नाचली. शुक्रवारी आणखी चार आले. शनिवारी सकाळी फोन दादाने उचलला.

"हो, सोफाच... नाही हो, पुढचा आठवडाभर नाही जमणार. हातात कामं आहेत."

फोन ठेवून तो स्वतःच चपापला. हे वाक्य या दुकानात कित्येक वर्षांत कुणी बोललं नव्हतं. बाबांचा हातोडा हवेतच थांबला.

"मग? काय म्हणाले?"

"थांबतो म्हणाले."

बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवलेही नाहीत. धाकटीच्या छातीत आनंद मावेना.

दादाने पुन्हा फोन उचलला, या वेळी कारखान्यात लावला. "साहेब, माझी वाट बघू नका," तो म्हणाला. "इथं माणसं थांबलीत."