सैल टाका

ते पत्र नऊ वर्षं त्याच्या जाड शब्दकोशात पडून होतं. उत्तर गेलंच नव्हतं. बहिणीने त्यात विचारलंच तसं होतं: "दादा, तू एवढी पुस्तकं वाचतोस. माझ्या दुखण्याचं नाव कुठे सापडतं का बघ. नाही सापडलं तरी चालेल. मी सोंग करत नाही हे तुला पटलंय का, तेवढं मात्र लिही."

तो पुस्तकबांधणी करणारा म्हातारा. हयात पुस्तकांत गेली, पण माणसाशी चार शब्द बोलायचे म्हटलं की तो पुठ्ठा कापायला घ्यायचा. धाकटी बहीण त्याच्याच कारखान्यात पुस्तकं शिवायची. टाका असा, की कागद फाटेल पण शिवण सुटायची नाही. मग एका वर्षी तिचा दोरा सैल पडू लागला. आज मान दुखते, उद्या मांड्या, परवा नुसते तळवे. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं ठणठणीत. "अंगावर चादर घेतली तरी ठणकतं," ती म्हणायची आणि कामगार एकमेकांकडे बघून हसायचे.

एके दिवशी त्याने तिची बारा पुस्तकं सगळ्यांसमोर उसवली आणि तिच्यापुढे ठेवली. "मन लावून शीव. नखरे घरी."

तिने बाराही पुन्हा शिवली. संध्याकाळी तिला स्वतःच्या पिशवीचा बंद बांधता येईना. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मुलीच्या गावी राहायला गेली आणि महिन्याने तिथून हे पत्र आलं.

त्याने वैद्यकाची पुस्तकं चाळली. नाव सापडेना. नावाशिवाय उत्तर काय लिहायचं, असं तो स्वतःला सांगत राहिला. खरं तर तेव्हा त्याला पटलंच नव्हतं. पुढे पटलं, तेव्हा कोणत्या तोंडाने लिहायचं हे कळेना.

परवा भाची आली.

"आई कशी आहे?" त्याने हातातल्या पुठ्ठ्याकडे बघत विचारलं.

"बरा दिवस असला तर वेणी घालते. वाईट असला तर मी कंगवा लावला तरी डोळ्यांत पाणी. आठ तास झोपते आणि खडी फोडून आल्यासारखी उठते."

"औषध?"

"आहे ना. गोळी, थोडं चालणं, जमेल तेवढंच काम. पण मुळापासून जाणारं नाही, मामा. सांभाळून राहायचं."

"काही नाव..."

"फायब्रोमायल्जिया. दोन वर्षं झाली नाव कळून. डॉक्टर म्हणाले, तपासणीत दिसत नाही, पण दुखणं शंभर टक्के खरं. साधा स्पर्शसुद्धा मेंदूला वेदना वाटतो." ती चप्पल घालता घालता म्हणाली, "नाव कळल्यावर आई हमसून रडली. म्हणाली, दादाला हवं होतं ते आता सापडलं."

"मग मला कळवलं का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत? मामा, डिंक पुठ्ठ्याला लावायचा असतो, तोंडाला नाही!"

ती गेल्यावर त्याने चार पानं लिहिली. आजाराचं नाव, लक्षणं, उपाय, शेवटी क्षमा. वाचून पाहिली तर कुणा तिऱ्हाइताच्या पुस्तकातली वाटली. त्याने जुनं पत्र पुन्हा काढलं. 'नाही सापडलं तरी चालेल.' नऊ वर्षं तो हे वाक्य ओलांडून पुढे जात होता.

चारही पानं त्याने फाडली आणि कोऱ्या कागदावर लिहिलं: "तू सोंग करत नव्हतीस. ती बारा पुस्तकं उसवली तेव्हाही नाही. दादा."

पाकीट बंद करताना जन्मभराच्या सवयीने ब्रश डिंकात बुडाला, आणि थांबला. त्याने कडेला एकच ठिपका लावला. तिच्या बोटांना जोर लागायला नको.

टपालपेटी कोपऱ्यावरच होती. तिथवर जाताना त्याला पुरतं कळत होतं की या दोन ओळींनी काही हलणार नाही. उद्या सकाळी ती तशीच मोडलेल्या अंगाने उठणार, आणि गेलेली नऊ वर्षं कुठल्याच दोऱ्याने शिवली जाणार नाहीत. कदाचित ती पत्र उत्तर न देताच बाजूला ठेवेल. तेही तिने त्याच्याकडूनच शिकलेलं असेल.

पेटीशी तो बराच वेळ उभा राहिला. मग पाकीट आत सोडलं.