मळक्या कागदांचे कपाट

मित्रांनो, मी नागपुरातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसातले जुने नकाशांचे कपाट आहे. अस्सल सागवानाचे. बारा कप्पे, प्रत्येक कप्पा चार बोटे खोल आणि खाटेएवढा रुंद, म्हणजे मोठ्यातला मोठा नकाशा घडी न घालता आडवा झोपावा. माझी कहाणी गोड नाही, हे आधीच सांगतो. सध्या मला सगळ्याची शिसारी आली आहे, आणि ती लपवून गोड बोलणे मला जमत नाही.

आज माझ्या पहिल्या कप्प्यात टोमॅटो सॉसच्या पुड्या आहेत. दुसऱ्यात मेलेले चार्जर. तिसऱ्यात कोणीतरी तर्री पोह्यांची प्लेट ठेवली आणि विसरले. तर्री वाळून लाकडात मुरली, आणि आता तिथे झुरळे नांदतात. मी नकाशांसाठी जन्मलो होतो हो!

पन्नास वर्षांपूर्वी श्रीधररावांनी धरमपेठेत दोन खोल्यांत ऑफिस काढले. नाव ठेवले 'चौथरा'. खुर्च्या उसन्या होत्या, पण मला मात्र त्यांनी मुद्दाम घडवून घेतले. सुताराने माझे कप्पे तीनदा परत रंधले तेव्हा कुठे त्यांचे समाधान झाले. कप्पा ओढला की आवाज येता कामा नये, असा त्यांचा हट्ट होता.

त्यांची एक रीत होती. घर बांधून झाले की वास्तुशांतीला ते जेवायला जात आणि जेवण झाले की साइटवरची कॉपी मागत. साइटवरची कॉपी म्हणजे मिस्त्रीच्या हातात वर्षभर फिरलेला नकाशा. सिमेंटने मळलेला, चहाचे डाग पडलेला, एखाद्या कोपऱ्यावर पानाची पिंकसुद्धा. तो ते जमिनीवर पालथा घालत आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत. नकाशात काय होते आणि प्रत्यक्षात काय झाले. पाइप कुठून वळवला, पाया कुठे जास्त खोल गेला, मालकाने ऐनवेळी कोणती भिंत हलवली. खाली सही, तारीख. मग तो मळका कागद माझ्याकडे येई, स्वच्छ नकाशाच्या शेजारी.

भैयाजींचे घरही असेच माझ्याकडे आले. भैयाजींचा शहराबाहेर वाडी गावाला मालाच्या गोदामांचा धंदा होता. मनीषनगरात तेव्हा बरीचशी शेते होती, त्यातला एक प्लॉट त्यांनी घेतला. त्याच्या पुढच्या कोपऱ्यात शेताची जुनी विहीर होती, मुरूम टाकून बुजवलेली. घरात विहिरीचे नाव काढले तर बायका तिथे राहायला नाही म्हणतील, म्हणून भैयाजींनी कोणाला सांगितले नाही. श्रीधरराव म्हणाले, "नका सांगू. पण मी लिहून ठेवीन." घर त्यांनी मागे सरकवले, कोपरा बागेला सोडला, आणि वास्तुशांतीच्या दिवशी ते सगळे कागदाच्या पाठीवर लिहिले. हे मला धोंडबाकडून कळले. धोंडबा आमचा ड्राफ्ट्समन. नकाशे काढायचा, आणि माझे कप्पे पुसताना माझ्याशी बोलायचा.

भैयाजी पुढे गोदामासाठी आले, मग खापरखेड्याच्या दुकानासाठी आले. दर वेळी आधी माझा कप्पा उघडे, मळका कागद बाहेर येई आणि मगच बोलणी सुरू होत. ज्याचे घर आम्ही बांधले तो माणूस दुसऱ्या आर्किटेक्टकडे गेला असे फारसे झाले नाही. तेव्हा मला फार मान होता.

श्रीधरराव गेले आणि त्यांचा मुलगा उन्मेष त्यांच्या खुर्चीवर बसला. संगणक आला. संगणकावर माझा राग नाही, मित्रांनो. त्याच्यात लाखो नकाशे मावतात, आणि जागेपायी त्याला कोणी अडगळ म्हणत नाही. माझा राग आहे तो एका दुपारवर. सगळे नकाशे स्कॅन करायला माणसे आली होती. स्वच्छ नकाशे त्यांनी यंत्रात घातले. मळके बाजूला पडले. उन्मेषने त्यातला एक दोन बोटांत धरून उचलला आणि नाक मुरडले.

"बाबांनी हे काय गटार साठवून ठेवलं होतं? द्या रद्दीत."

धोंडबा हात जोडून म्हणाला, "साहेब, मांगच्या बाजूनं लिहून हाय. तेही घेऊ द्या न यंत्रात."

"धोंडबाजी, मशीन खराब होईल. सिमेंट आहे त्याला."

चाळीस वर्षांची घरे वजनकाट्यावर चढली. धोंडबाने हाताला लागले तेवढे सहा-सात कागद माझ्या सगळ्यात खालच्या कप्प्यात कोंबले आणि वर टाइल्सचे नमुने रचले. त्या दिवसापासून मला या ऑफिसच्या स्वच्छतेचाच वीट आला.

यंदा 'चौथरा'ला पन्नास वर्षे झाली. उन्मेषने गुळगुळीत कागदावर एक पुस्तिका छापली. त्यात नेतृत्व होते, दूरदृष्टी होती आणि 'तीन पिढ्यांचे नाते' होते. फोटोत मागे जुने काहीतरी हवे, म्हणून मला पांढरा रंग फासला. सागवानाला पांढरा रंग! फटींत रंग गेला आणि माझे अर्धे कप्पे चिकटून बसले.

याच सुमारास भैयाजींच्या पत्नी कौशल्याबाई आल्या. भैयाजी गेलेले. जुने घर पाडून चार मजले बांधायचे, दोन्ही मुलांचे संसार एका छपराखाली आणायचे, एवढीच त्यांची इच्छा. तोवर त्या भाड्याच्या खोलीत राहत होत्या. उन्मेषने जुना नकाशा पडद्यावर दाखवला, नवा काढला, मंजूर करून घेतला. एक कॉलम आला नेमका बागेच्या कोपऱ्यात. खड्डा खणला तर छान घट्ट मुरूम लागला, म्हणून सगळे खूश. मातीची तपासणी प्लॉटच्या मागच्या बाजूला झाली होती.

धोंडबाने नवा नकाशा पाहिला आणि तो थेट माझ्याकडे आला. पटाशीने रंग खरवडून त्याने खालचा कप्पा उघडला, टाइल्स उपसल्या आणि कागद घेऊन उन्मेषसमोर ठेवला. उन्मेषने वाचला. पुन्हा वाचला. मला वाटले, आता हा फोन उचलेल.

"परवा कार्यक्रम आहे," तो म्हणाला. "काकूंचा सत्कार आहे. पुस्तिकेत त्यांचा फोटो आहे. आता हे काढलं तर सगळं नाव जाईल. कार्यक्रम होऊ द्या, मग बघू."

"साहेब, कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी तिथं काँक्रीट भरून राहिले."

"मग बघू म्हटलं ना, धोंडबाजी."

आणि त्याने तो कागद परत माझ्या कप्प्यात ठेवला. सॉसच्या पुड्या मी सोसल्या, झुरळे सोसली. पण त्या दिवशी मला माझीच किळस आली. चार मजल्यांखालची विहीर माझ्याकडे लपवली होती, आणि मला तोंड नव्हते.

कार्यक्रम माझ्याच समोर झाला. पन्हे फिरले. वीस-पंचवीस जुने घरमालक खुर्च्यांवर बसले होते. विश्वासावर उन्मेष पंधरा मिनिटे बोलला. मग त्याने कौशल्याबाईंना शाल पांघरली आणि माइक पुढे केला.

त्या म्हणाल्या, "मले काई भाषण येत नाही बाप्पा. श्रीधरभाऊ आमच्या घरी जेवले न, अन् मंग खाली बसून एका कागदावर लिहीत होते. मी म्हटलं, काय लिहून राहिले भाऊ? तर म्हणे, तुमच्या घराची हकिगत. तेवढा कागद मले दाखव गा उन्मेष. त्याच्यासाठीच आली मी."

उन्मेष हसला. "काकू, तो कागद आता नाही. या जुन्या कपाटाला वाळवी लागली होती."

वाळवी! मला! अस्सल सागवानाला!

धोंडबाने हातातला पन्ह्याचा ट्रे खाली ठेवला. सगळ्यांदेखत माझा खालचा कप्पा ओढला आणि कागद कौशल्याबाईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला आणि माइक तोंडाशी असतानाच एकेक शब्द वाचला.

"पुढच्या कोपऱ्यात जुनी विहीर. अंदाजे चाळीस फूट. नुसता मुरूम भरला आहे. यावर कधीही भार देऊ नये. श्रीधर."



"उद्या तिथंच कॉलम भरून राहिले न तुमी?" त्यांनी विचारले. "तुले माहीत होतं?"

कौशल्याबाईंनी तिथेच मुलाला फोन लावला. "दुर्गेश, उद्याचं काम बंद कर. काहून ते घरी येऊन सांगतो." मग शाल काढली, नीट घडी केली आणि खुर्चीवर ठेवली. कागद मात्र पदराखाली घेतला.

इथे संपले असते तर मी सुखाने गप्प बसलो असतो. पण मागच्या रांगेतून एक आजोबा उठले.

"आमच्या घराचा कागद कुठे आहे?"

मग दुसरे उठले, मग एक बाई. सगळे माझ्याभोवती जमले. धोंडबा एकेक कप्पा ओढत गेला. चिकटलेल्यांचा रंग टरारा फाटला. आत सॉसच्या पुड्या, चार्जर, टाइल्स आणि झुरळे. लोक प्रत्येक कप्प्यात वाकून पाहत होते आणि तोंड फिरवत होते. खालच्या कप्प्यातून पाच-सहा जणांना आपापले कागद मिळाले. बाकीचे हात हलवत उभे राहिले.

मित्रांनो, तुमच्याही घरात वडीलधाऱ्यांनी जपलेले मळके कागद असतील. टाकायचे असतील तर टाका, पण आधी उलटून वाचा, एवढीच माझी विनंती आहे. आमचे वाचायचे राहिले. या शहरात आमच्या हातची तीनशेच्या वर घरे आहेत, त्यांत आज दिवे आहेत, मुले आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पायाखाली काय आहे हे सांगू शकेल असे आता कोणीही उरलेले नाही.