थोरलीच्या खोलीवरचा झरोका

मित्रांनो, घरात शिरताना तुम्ही दार पाहता, खिडक्या पाहता. छपराखालच्या त्रिकोणी भिंतीकडे मान वर करून कोण पाहतो? तिथेच मी बसलेलो आहे. मी एक जुना लाकडी झरोका आहे. माझ्याकडे पाहण्यासारखं फारसं काही नाही. चौकट, तिच्यात तिरक्या बसवलेल्या पट्ट्या आणि मागे पाखरं आत येऊ नयेत म्हणून तारेची जाळी. एवढाच माझा संसार.

एका बोलघेवड्या सुतारानं मला घडवलं. पट्ट्या तिरक्या का, तर पाऊस बाहेर राहावा आणि हवा जावी. माझं कामही तसं साधंच. माणसं श्वास घेतात, आंघोळ करतात, चुलीवर भांडी ठेवतात. ती सगळी वाफ तक्तपोशीच्या, म्हणजे खोल्यांच्या लाकडी छताच्या, फटींतून माळ्यावर चढते. वळचणीखालच्या भोकांतून कोरडी हवा आत येते आणि ही दमट हवा माझ्या वाटेनं बाहेर पडते. उन्हाळ्यात तापलेल्या छपराची धगही मीच बाहेर घालवायचो. हे घर बांधणारे म्हातारे मालक जिवंत होते तोवर दरवर्षी माळ्यावर येऊन माझी जाळी झाडायचे आणि "शाबास रे गड्या!" म्हणायचे. मित्रांनो, त्या एका शब्दावर मी वर्षभर खूश असायचो.

म्हातारे गेले. घरात राहिली त्यांची दोन मुलं. थोरली आणि धाकटा. आई लवकर गेल्यामुळे धाकट्याला थोरलीनंच वाढवलं होतं. तिनं लग्न केलं नाही. तिची खोली बरोबर माझ्या खाली होती. धाकटा कचेरीत चांगल्या हुद्द्यावर चढला, त्याचं लग्न झालं, आणि घर नीटनेटकं ठेवायचा त्याला छंदच जडला.

एका कडाक्याच्या थंडीत तो माळ्यावर आला. माझ्यासमोर हात धरून म्हणाला, "अच्छा, म्हणजे घरातली ऊब इथून पळते होय!" त्यानं जुनी गादी गुंडाळून माझ्या तोंडात कोंबली. वळचणीखालच्या भोकांवर जाड चादरी दाबून बसवल्या. एका कोपऱ्यात बोटभर फट राहिली, तेवढ्यातून मला माळा आणि तक्तपोशीच्या फटींतून थोरलीच्या खोलीचा मधला भाग दिसत असे.

खाली सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. घर उबदार झालं, कबूल. पण वर काय चाललं होतं, ते मी पाहत होतो. छपराच्या फळ्यांतून खिळ्यांची टोकं खाली आलेली होती. वर आलेली वाफ त्या थंडगार टोकांवर बसे, तिचे थेंब होत आणि ते तक्तपोशीवर पडत. फळ्या काळवंडल्या. बुरशीचा वास सुटला. ज्यासाठी मला घडवलं होतं, तेच नेमकं मला करता येत नव्हतं. तोंडात बोळा घेऊन मी नुसता बसून होतो. फार लाज वाटायची, मित्रांनो.

पण खरी लाज पुढेच होती.

एका रविवारी दुपारी कचेरीतली मंडळी जेवायला आली. थोरलीची खोली सगळ्यांत मोठी, म्हणून पानं तिथेच मांडली होती. जेवण रंगात आलं आणि टपकन एक थेंब साहेबांच्या टकलावर पडला. साहेबांनी वर पाहिलं. सगळ्यांनी वर पाहिलं. तक्तपोशीवर हा भला मोठा काळा डाग! कुणीतरी फिसकन हसलं.

धाकट्याचा चेहरा लालबुंद झाला. "अक्का, किती वेळा सांगितलं, खोलीत ओले कपडे वाळत घालू नकोस! सगळं घर सडवलंस तू!"

थोरली वाढत होती. तिच्या हातातला डाव भांड्यावर खणकन आपटला. "बरं," एवढंच ती म्हणाली, आणि वाढायला पुढे सरकली.

मी ओरडलो असतो. पण झरोक्याला कसला आवाज?

त्या दिवसापासून थोरली कपडे बाहेर गारठ्यात वाळत घालू लागली. आंघोळीला पाणी तापवीना, का तर वाफ होते. तिला खोकला जडला. तो खोकला फळ्यांतून वर यायचा आणि प्रत्येक उबळीसरशी मला वाटायचं, हिच्या छातीत जे कोंडलंय ते माझ्यामुळेच. मग एकदा तिनं मावसबहिणीकडे कायमचं जायचं ठरवल्याचं कानावर आलं. बॅग भरायला घेतली होती.

तेव्हा धाकट्याची बायको त्याला म्हणाली, "अहो, अक्कांनी खोलीत कपडे वाळत घालणं कधीच सोडलं. मग आज सकाळी पाणी कुठून टपकलं?"

"कौल फुटलं असेल," म्हणत धाकटा बॅटरी घेऊन वर चढला. बाहेर लख्ख ऊन होतं, कौलं ठणठणीत होती. त्यानं उजेड आतून छपरावर फिरवला. खिळ्याखिळ्याच्या टोकाला थेंब लोंबत होता. मग तो माझ्याकडे आला आणि त्यानं गादी ओढली. ती पाण्यानं जड झाली होती, कुजली होती. ती निघताच माळ्यावरची कोंदट हवा भसकन माझ्यातून बाहेर पडली. धाकट्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

खाली उतरून तो थोरलीच्या दारात गेला. "अक्का, तुझी काही चूक नव्हती. माझंच काम ते. मी झरोका बुजवला होता."

थोरली खोकून म्हणाली, "कळलं. पण बोललास तेव्हा घरभर माणसं होती रे. आता मला एकटीलाच सांगतोयस."



पुढच्या रविवारी त्यानं त्याच मंडळींना पुन्हा बोलावलं. जेवणाआधी उभा राहिला. "त्या दिवशी मी अक्काला तुमच्यासमोर बोललो. घर तिनं नाही, मी सडवलं. जिनं मला वाढवलं तिला मी चारचौघांत खाली मान घालायला लावली. माझं चुकलं." साहेब ताटाकडे पाहत राहिले. शेवटी थोरलीच म्हणाली, "पुरे आता. बस, जेव."

ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी कपाटाची दारं उघडल्या-मिटल्याचा आवाज आला, त्यावरून बॅग रिकामी होत असल्याचं मला कळलं.

आता वळचणीखालच्या चादरीही निघाल्या आहेत, माझी जाळी स्वच्छ आहे, फळ्या वाळल्या आहेत. खोकला मात्र थंडीच्या दिवसांत अजून वर येतो, आणि तो आला की माझ्या पट्ट्या अजून शरमेनं खाली झुकतात.

म्हणून मित्रांनो, हात जोडता आले असते तर जोडून सांगितलं असतं. वर्षातून एकदा तरी माळ्यावर चढा. आमची जाळी झाडा, आमच्या तोंडात काही कोंबू नका. थंडी वाजली तर पांघरूण घ्या, पण घराचा श्वास बंद करू नका. आणि छतावर डाग दिसलाच, तर आधी वर जाऊन पाहा. घरातल्या माणसाकडे बोट दाखवायची घाई करू नका.